वरातीपुढं न चालणारा बँड

हेवी मेटल म्हणजे बापाच्या पैशावर केस वाढवलेल्या पोरांची आरडाओरड, असं आपल्यातले पुष्कळ शहाणे धरून चालतात. चळवळीतले ज्येष्ठ तर जास्तच. त्यांच्या लेखी गाणं म्हणजे जलसा, शाहिरी, वामनदादा कर्डक. त्यापलीकडचं सगळं पांढरपेशांची चैन. मी सेनगावात बसून हे संपादकीय लिहितोय आणि मला या मताची उलटतपासणी घ्यायची आहे. आमच्याकडं नववी-दहावीतली पाच पोरं आहेत, त्यांना हेवी मेटलचा बँड काढायचाय. शाळेनं नाही म्हटलं. गाव फिदीफिदी हसलं. आणि आता आपलेच लोक म्हणतायत, असली थेरं सोडा, अभ्यास करा. शाळेचं आणि गावाचं मी समजू शकतो, त्यांनी आम्हाला आमच्या मनानं कधी काय वाजवू दिलंय? पण आपले लोक त्याच सुरात बोलायला लागले म्हणून लेखणी उचलली.

आधी हा आवाज कुणाचा ते बघू. मुंबई-पुण्यातल्या दोस्तांनो, तुमच्यातल्या निम्म्यांना हे ठाऊक असेल. उरलेल्यांनी ऐका.

इंग्लंडात बर्मिंगहॅम म्हणून शहर आहे, त्यात अ‍ॅस्टन हा कामगारांचा भाग. महायुद्धात बॉम्ब पडून मोडलेला, कारखान्यांच्या धुरानं काळवंडलेला. तिथल्या कामगारांच्या चार पोरांनी १९६८ मध्ये बँड काढला, त्याचं नाव पुढं ब्लॅक सॅबथ झालं. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७. नोकरी सोडायची ठरलेली, कामाचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी मशिनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. आता गिटार विसर, असं लोकांनी सांगितलं. कारखान्यातल्या मुकादमानं मात्र त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली, जँगो राइनहार्टची. हा जँगो रोमा जमातीचा. युरोपातल्या गावांनी ज्यांना जिप्सी म्हणून शेकडो वर्षं वेशीबाहेर हुसकलं ते लोक. आपल्याकडचे भटके-विमुक्त म्हणा. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली, आणि उरलेल्या बोटांवर तो असा वाजवायला लागला की शाबूत बोटांचे वादक आजही त्याची नक्कल करतात.

आयोमीनं ते ऐकलं. प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामड्याचा तुकडा चिकटवला. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा चढवल्या. पुढं तारा ढिल्या सोडून सूर खाली उतरवला. तारा ढिल्या पडल्या आणि आवाज जड झाला. मेटलचा जो काळा, छातीत घुसणारा आवाज जगभर पोचला, त्याच्या मुळाशी एका कामगाराची तुटलेली बोटं आणि चामड्याचा तुकडा आहे. ही गोष्ट चैनीची आहे असं अजूनही कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा एमआयडीसीत जाऊन प्रेसच्या मशिनवर उभं राहावं.

गायक ऑझी ऑसबर्न. शाळेत अक्षरं डोळ्यांपुढं नाचायची, त्याला डिस्लेक्सिया म्हणतात हे फार उशिरा कळलं. १५ व्या वर्षी शाळा सुटली. कत्तलखान्यात काम केलं. चोरी केली, पकडला गेला, दंड भरायला पैसे नव्हते म्हणून तुरुंगात गेला. १९७० मध्ये या चौघांच्या दोन रेकॉर्डी निघाल्या. दुसरीतलं पहिलंच गाणं युद्ध पेटवून स्वतः मागं लपणाऱ्या आणि गरिबाला मरायला पुढं पाठवणाऱ्यांवर होतं. ऑझी २२ जुलै २०२५ ला वारला. त्याआधी १७ दिवस, ५ जुलैला, त्याच अ‍ॅस्टनमधल्या व्हिला पार्क मैदानावर तो शेवटचा गायला, खुर्चीत बसून, कारण उभं राहवत नव्हतं.

पत्रा, कत्तलखाना, चामडं, तुरुंग. हे शब्द आपल्या वस्तीत शिकवावे लागत नाहीत.

मग भारतात हा आवाज पांढरपेशांचा कसा झाला? सरळ आहे. इलेक्ट्रिक गिटार आणि इंग्रजी रेकॉर्ड ज्यांच्या घरात आधी आली, आवाज त्यांचा झाला. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉकचे जलसे भरायचे. २००० मध्ये मुंबईतच डेमॉनिक रिसरेक्शन हा बँड निघाला. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन बंगळुरूला येऊन वाजवून गेले तेव्हा देशभरातनं पोरं रेल्वेनं गेली. त्या पोरांवर माझा राग नाही. त्यांनीही घरच्यांच्या शिव्या खाऊनच वाजवलं. पण त्या मैदानांत आपली वस्ती कुठं होती? स्पीकरच्या पेट्या चढवायला-उतरवायला असेल, तर तेवढीच.

आणखी एक गंमत सांगतो. सिंगापुरात १९९२ पासून रुद्र नावाचा मेटल बँड आहे. तो आपल्या संगीताला वैदिक मेटल म्हणतो. २००५ पासून त्यानं ब्रह्मविद्या या नावाखाली तीन रेकॉर्डी काढल्या. म्हणजे वेद-उपनिषदं मेटलपर्यंत पोचलीसुद्धा! आपण अजून समितीच्या परवानगीसाठी थांबलोय.

आता आमच्या पाच जणांकडं येतो. नावं देत नाही, पोरं शाळेत आहेत आणि गाव लहान आहे. एक हलगीवाल्याच्या घरातला, मातंग. दोघं बौद्धवाड्यातले. एक आंध आदिवासी, कळमनुरीकडून मामाकडं शिकायला आलेला. पाचवा मराठ्याचा, पण बाप दर हंगामाला ऊसतोडीला जातो, आणि पोरगं बोलताना अडखळतं, तेव्हा त्याच्याच जातीची पोरं त्याची नक्कल करून दाखवतात. यांना कुठल्या विचारसरणीनं एकत्र आणलं नाही. शेवटच्या बाकावर ढकललेली पोरं शेवटच्या बाकावरच एकमेकांना सापडतात. २०१६ मध्ये जिओ आलं, मोबाईलवरचा नेट स्वस्त झाला. जे गाणं ऐकायला पूर्वी मुंबईत जन्मावं लागायचं ते सेनगावच्या स्टँडवर ऐकू यायला लागलं. पोरांनी ते ऐकलं आणि त्यांना वाटलं, हे आपलं आहे.

सामान काय? एक जुनी गिटार, सहापैकी पाच तारा शाबूत. आवाज फाडायला वेगळं यंत्र लागतं, ते नाही. मग मोबाईलमधल्या अ‍ॅपातनं आवाज फाडून स्पीकरला जोडतात. स्पीकर जयंती मंडळाचा. ड्रमसेट म्हणजे पाण्याचे निळे ड्रम आणि तेलाचे पत्र्याचे डबे, झांजेच्या जागी चिरलेली पितळी परात. बास गिटार नाहीच. साधी इलेक्ट्रिक गिटार दहा-पंधरा हजारांच्या घरात जाते. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साली क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात तोही पदरात पडेना. म्हणजे एका गिटारीला तीन क्विंटल सोयाबीन. हा हिशेब ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याचा. पाचातल्या तिघांच्या घरी वावरच नाही. सराव शिवारातल्या एका आखाड्यावर चालतो. तिथं वीज शेतीच्या लाईनीची, पाळीपाळीनं येते, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. पाऊस लागला की पत्रा गळतो आणि सराव बंद. वस्तीतलं समाजमंदिर मात्र पक्कं आहे, लाईट आहे, दाराला कुलूप आहे. कुलूप कुणी लावलं ते पुढं येईलच.

गिटार-बिटार मरू द्या, त्या हलगीवाल्याच्या पोराचे हात बघा. दोन्ही मनगटं अशी चालतात की शहरातल्या क्लासला फी भरून शिकलेल्यानं तोंडात बोट घालावं. त्याच्या बापाचं म्हणणं, पोरानं वाजवायच्या धंद्यात यायचं नाही. बाप चुकीचं बोलत नाही. त्यानं उभ्या जन्मात काय काय सोसलं ते त्याच्या हलगीला ठाऊक.

इथं जरा थांबून बोललं पाहिजे. सेनगावात बँड हा शब्द नवा नाही. लग्नाच्या वरातीपुढं चालतो तो बँड. झालरीचा कोट, डोक्यावर तुरा, हातात पितळी वाद्य, आणि जेवणाची पंगत सगळ्यात शेवटची. वाजवणारे कोण, तर बहुतेक ठिकाणी मातंग. हलगी कुणाची, डफडं कुणाचं, सनई कुणी फुंकायची, हे गावानं जातीवर वाटून दिलेलं. चामडं विटाळाचं म्हणून ते सोलणारा, कमावणारा आणि वाजवणारा बाहेरचा, पण त्या चामड्याच्या आवाजाशिवाय गावाचं लग्न लागत नाही, जत्रा भरत नाही, मढं हलत नाही. ढोंग असावं तर इतकं.

महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेली ढोरं ओढणं सोडा, ते मांस खाणं सोडा. पुढं, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर तर गावोगाव, आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामं टाकली. कित्येक ठिकाणी त्यात वाजवणंही टाकलं. त्यापायी बहिष्कार सोसले, पिठाची गिरणी बंद झाली, पाणी बंद झालं. तेव्हा आपले ज्येष्ठ जेव्हा म्हणतात की आम्ही डफडं खाली ठेवलं आणि ही पोरं पुन्हा बडवायला निघाली, तेव्हा ते उगीच तोंड वाजवत नाहीत. त्यामागं रक्त आहे.

पण मी त्यांना विचारतो, खाली काय ठेवलं? चामडं की हुकूम? पाटलाच्या वरातीपुढं वाजव, देवीच्या रेड्यापुढं वाजव, मढ्यापुढं वाजव, दवंडी दे. कधी सुरू करायचं ते दुसऱ्यानं सांगायचं, कधी थांबायचं तेही दुसऱ्यानंच. वाजवून वाजवून हात सुजले की दारात उभं राहून भाकर मागायची. लाथाडायचा होता तो हा हुकूम. हलगीचा त्यात काय गुन्हा? लाकडाची नाहीतर लोखंडाची कडी, तिच्यावर ताणलेलं कातडं. ओल धरली की बसतं, शेकोटीवर शेकलं की पुन्हा चढतं. एका हातात आखूड टिपरी, दुसऱ्या हातात बारीक काडी. बाकी सगळं मनगटाचं. नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या शाळकरी पोरगा आहे आणि त्याला हलगी येते. ते काम करणारं पोरगंही दिग्दर्शकाला हलगी वाजवतानाच दिसलं होतं. सगळ्या महाराष्ट्रानं शेवटचा दगड लक्षात ठेवला, हलगी विसरला.

मेटलच्या बँडला कुणाच्या पुढं चालायचं नसतं. एका जागी पाय रोवून उभं राहायचं, ज्याला ऐकायचंय त्यानं समोर यावं, नसेल ऐकायचं तर कान झाकून घरी जावं. काय वाजवायचं ते वाजवणारा ठरवणार, किती मोठ्यानं तेही तोच. आमच्या गावाच्या इतिहासात हलगीवाल्याच्या घरातल्या माणसाला हे स्वातंत्र्य कधी मिळालं होतं, कुणी सांगावं.

तामिळनाडूतल्या पोरांनी हा प्रश्न आपल्याआधी सोडवला. तिकडं पराई नावाचं चामड्याचं वाद्य आहे, आपल्या हलगीचं सख्खं भावंड. त्या वाद्यावरून जातीचं नाव पडलं परैयर, आणि त्या जातीच्या नावावरून इंग्रजीत बहिष्कृताला पॅरिया म्हणायला लागले. एक वाद्य वाजवलं म्हणून जगभराची शिवी झाली. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारानं २०१७ मध्ये कास्टलेस कलेक्टिव्ह उभा राहिला, जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. पराई आणि इलेक्ट्रिक गिटार एकाच मंचावर, गाणी जातीवर, आरक्षणावर, हातानं मैला उचलण्यावर. आपल्याकडं मुंबईत धम्म विंग्ज या बँडनं बुद्ध-आंबेडकरांची गाणी रॉकच्या अंगानं म्हटली. ते मेटल नव्हे. आमची पोरं तर त्याला मऊ म्हणून नाकं मुरडतात. पण वाट पाडली, हे नाकारता यायचं नाही.

आणि आवाजाचंच वावडं असेल तर १४ एप्रिलला आपण काय करतो? डीजे आणतो. भाड्याचा. भिंतीएवढे स्पीकर, म्हाताऱ्यांची छाती धडधडते, लहान लेकरं दचकून रडतात. तेव्हा समितीतला एकही माणूस हा गोंगाट म्हणत नाही. त्या डीजेत आपला हात कुठाय? बटण दाबणारा एक, बाकी आपण वर्गणी भरणारे आणि नाचणारे. वर याच डीजेनं गावोगावचे बँडवाले घरी बसवले, ज्यांच्या पोटावर पाय आला ते आपलेच. विकत आणलेला आवाज चालतो आणि पाच पोरांनी डबे बडवून स्वतः काढलेला आवाज चालत नाही, हे गणित मला कुणी समजावून द्या.

शाळेचं सांगतो. शाळेचं नाव घेत नाही, कुठलीही शाळा असती तरी हेच झालं असतं. पोरांनी स्नेहसंमेलनात दहा मिनिटं मागितली. उत्तर मिळालं, हे राक्षसी ओरडणं आपल्या संस्कृतीत बसत नाही, देशभक्तीपर बसवा नाहीतर कोळीगीत बसवा. त्याच स्नेहसंमेलनात पाचवीतल्या पोरींना सिनेमातल्या आयटम गाण्यावर नाचवतात आणि पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे बक्षिसं लावतात. ती संस्कृती!

संस्कृतीच काढली म्हणून आमच्या भागातली गोष्ट सांगतो. हिंगोलीकडं जाताना नर्सी लागते, नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखली जाते ती. जातीनं शिंपी. औंढ्याला नागनाथाच्या देवळापुढं कीर्तनाला उभे राहिले तर पुजाऱ्यांनी हाकललं. मागच्या बाजूला जाऊन कीर्तन धरलं आणि देऊळ फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं, अशी आख्यायिका आहे. देऊळ फिरलं यावर माझा काडीचा विश्वास नाही. पुढनं हाकललेला माणूस गप्प बसला नाही, मागं जाऊन मोठ्यानं गायला लागला, यावर आहे. शाळेत ही गोष्ट दर वर्षी भाषणात सांगतात.

आता जरा लांब जाऊ. इंडोनेशियात पश्चिम जावामध्ये गारुत जिल्हा आहे, त्यात सिंगाजया हा खेड्यांचा भाग. तिथं २०१४ मध्ये मदरशाच्या शाळेत शिकणाऱ्या तीन पोरींनी मेटलचा बँड काढला. शेतकऱ्यांच्या पोरी, वयं चौदाच्या आसपास, डोक्याला हिजाब. शाळेत ‘डोक्याला ताप’ म्हणून गणल्या गेलेल्या. समुपदेशनाचं काम करणारे शिक्षक अबाह एर्झा, त्यांच्या लॅपटॉपवर पोरींनी सिस्टिम ऑफ अ डाऊन ऐकलं आणि ठरवलं, हेच वाजवायचं. शिक्षकानं हाकललं नाही, वाजवायला शिकवलं. बँडचं नाव व्हॉइस ऑफ बासेप्रोत. बासेप्रोत हा त्यांच्या सुंदानी बोलीतला शब्द, अर्थ बडबड, कलकलाट. लोक ज्या शब्दानं हिणवतील तोच त्यांनी पाटीवर लिहिला. हे आपल्याला कुणी शिकवायला नको, ‘दलित’ शब्दाचं आपण दुसरं काय केलं? त्यांना धमक्या आल्या, घरचे घाबरले. २०१८ मध्ये त्यांचं पहिलं गाणं निघालं ते शाळेवरच, डोक्यात एकाच साच्याची माणसं ओतणाऱ्या शिक्षणावर. २८ जून २०२४ ला या तिघी इंग्लंडातल्या ग्लास्टनबरीच्या जत्रेत वाजवत होत्या. तिथं वाजवणारा हा इंडोनेशियाचा पहिला बँड.

न्यूझीलंडात हेन्री आणि लुईस दे याँग हे दोघे भाऊ. २०१० मध्ये बँड सुरू केला तेव्हा एक दहाचा, एक आठाचा. शाळा माओरी भाषेची. गोऱ्यांच्या राज्यात जी भाषा बोलली म्हणून शाळेत पोरांना मार बसायचा, तीच भाषा यांनी मेटलमध्ये आणली. त्यांच्या पूर्वजानं १८६४ मध्ये गेट पा इथं इंग्रजांच्या फौजेशी लढाई केली, त्या लढाईवर गाणं रचलं, आणि २०१६ मध्ये शाळा-शाळांच्या देशव्यापी बँड स्पर्धा जिंकल्या. एलियन वेपनरी म्हणून आज युरोपभर वाजवतात. १ जानेवारीला भीमा-कोरेगावला जाणाऱ्या लाखो लोकांत एकाला तरी हे सुचायला हरकत नव्हती.

आमची पोरं अजून इंग्रजीत ओरडतात. अर्धे शब्द त्यांनाच कळत नाहीत. मी त्यांना म्हणालो, अरे घरी भांडताना ज्या भाषेत बोलता त्या भाषेत ओरडा, आपल्या मराठवाडी बोलीइतकी खरबरीत भाषा मेटलला दुसरी कुठं मिळणार? पटलं नाही. मराठीत ओरडलं की म्हणे सगळ्यांना कळेल. कळेल म्हणूनच तर, असं मी म्हणालो, आणि ते गप्प झाले. त्यांची भीती मला समजते. गायक कोण, तर तो बोलताना अडखळणारा. गाताना तो अडखळत नाही. बोलताना अडखळणाऱ्या पुष्कळांचं असं होतं, ही जगभर ठाऊक असलेली गोष्ट आहे. घशातनं तो जी गुरगुर काढतो ती ऐकून वर्गातल्या नकला बंद झाल्या, एवढं शाळेनं नोंदवून ठेवायला हरकत नव्हती.

पोरगी एकही नाही. हे मला खुपतं आणि मी ते पोरांना तोंडावर सांगितलं. त्यांच्या वर्गात गाणाऱ्या पोरी आहेत, घरनं कोण सोडणार? आखाड्यावर, अंधारात, पोरांबरोबर? बौद्धवाड्यातसुद्धा हेच उत्तर आलं. श्रीनगरला २०१२ मध्ये दहावीतल्या तीन पोरींनी प्रगाश नावाचा रॉक बँड काढला, त्या शब्दाचा अर्थ प्रकाश. डिसेंबरात एका स्पर्धेत बक्षीस मिळवलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये इंटरनेटवरनं गलिच्छ धमक्या, वरून मुफ्तींचा फतवा, आणि दोन महिन्यांत बँड संपला. गारुतच्या पोरी टिकल्या, श्रीनगरच्या मिटल्या. धमक्या दोन्हीकडं होत्या. माझ्या मते फरक पडला तो पाठीशी कोण किती उभं राहिलं याचा. तेव्हा पाठीशी उभं राहायचं की नाही ते आपण ठरवायचं, पोरांनी नव्हे.

कुणी म्हणेल, मेटलमध्ये घाण कमी आहे का? आहे ना. नॉर्वेत १९९२ च्या सुमारास ब्लॅक मेटलवाल्या पोरांनी जुनी लाकडी चर्चं जाळली, खून केले. वंशद्वेषाची गरळ ओकणारेही बँड आहेत. पोरांना हे मी सांगितलंय, सांगत राहीन. कोण काय गातोय ते तपासून घ्या, हे तर शाहिरीलाही लागू आहे. आपल्यातले किती शाहीर पुढाऱ्यांच्या सभेत भाड्यानं गायला लागले ते मोजायला बसलो तर रात्र पुरायची नाही.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाचा खून झाला. मोबाईल वाजला, रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती, तेवढ्यावरून. रिंगटोन! काही सेकंदांचा आवाज. देवळापुढनं वरात नेली, वाजवलं, म्हणून दगड खाल्लेल्या वस्त्या या देशात कमी नाहीत. कुठला आवाज कुणी काढायचा यावर इथं जीव जातो, म्हणून पाच पोरांचा बँड ही पोरखेळाची गोष्ट नाही. आणि म्हणूनच त्यांना शिवारात एकटं सोडता येत नाही. रात्री अकरा वाजता आखाड्यावरनं परतणाऱ्या पोरांना उद्या कुणी अडवलं तर?

आता त्या कुलपाचं. समाजमंदिर पोरांनी मागितलं होतं. फक्त रविवारी, दुपारी दोन ते पाच, दार लावून. समितीनं सांगितलं, हे वंदनेचं ठिकाण आहे, इथं असलं चालणार नाही. ज्येष्ठांचा मान ठेवून लिहितो: वंदना सकाळी आणि संध्याकाळी होते. दुपारी तिथं पत्ते चालतात, ते सगळ्या वस्तीला माहीत आहे. निवडणुकीत तिथं कुणाकुणाच्या पेट्या उतरतात तेही माहीत आहे. त्या दाराची एक चावी पाच पोरांना देऊन टाका. रात्री दहानंतर आवाज नाही, ही कायद्याची अट त्यांना मान्य आहे. बाबासाहेबांच्या फोटोसमोर ती पोरं अदबीनं वागतील, त्याची जबाबदारी मी घेतो.

आणि शहरातल्या दोस्तहो, तुम्ही उपदेश पाठवू नका, सामान पाठवा. घरी धूळ खात पडलेली गिटार, ती नसेल तर तारांचे संच, आवाज फाडायचं जुनं पेडल, बास ड्रमचं पायानं मारायचं पेडल, चिरलेली का असेना पण खरी झांज. ज्याला वाजवता येतं त्यानं दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस सेनगावला यावं, राहायची सोय माझ्या घरी, जेवण साधं. नुसतं शिकवायला येऊ नका, त्या हलगीवाल्याच्या पोराकडून मनगट कसं फिरवायचं ते शिकूनही जा. स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत होतं. शाळेला आम्ही पुन्हा अर्ज देणार आहोत, लेखी, पोच घेऊन. पुन्हा नाही म्हणाले तर त्याच दिवशी समाजमंदिराच्या अंगणात वाजेल. मार्चात चौघांची दहावी आहे, त्यानंतर कोण कॉलेजला जाईल, कोण कोयता घेऊन बापाबरोबर उसाच्या फडावर जाईल, सांगता येत नाही.

चावीसाठी रविवारी समितीची बैठक आहे. तारा घेऊन मी शनिवारी नांदेडहून येतोय.